व्याह्यांकडून आलेला पाला

टेंभी नाका, ठाणे
मार्गशीर्ष, सन १९५३

चिरंजीव गोपीनाथभावजी यांस गोदावहिनीचे पोटभर आशीर्वाद. (तुम्ही वयाने माझ्याहून मोठे आहात हे मला ठाऊक आहे. पण नात्याने मी थोरली, आणि या घरात आशीर्वाद द्यायला तुमच्याशिवाय दुसरं कोणी माझ्या वाट्याला आलेलं नाही, तेव्हा निमूटपणे घ्यावेत.) इकडे सगळे हिंडतेफिरते आहेत. मामंजींचा गुडघा थंडीमुळे कुरकुरतो, मामंजी स्वतः मात्र कुरकुरत नाहीत, ते बोलतच नाहीत. सासूबाईंची तब्येत तुम्ही गेलात तेव्हापासून जशी आहे तशी आहे. तुमच्या थोरल्या बंधूंना काहीही झालेलं नाही. त्यांना कधीच काही होत नाही, जे व्हायचं ते त्यांच्यामुळे इतरांना होतं. तुमचा तिकडच्या अरण्यातला ताप पुन्हा उलटला नाही ना, जेवणात तिखट असतं का, आणि आमच्या जाऊबाई कशा आहेत, ते सविस्तर कळवावं. त्यांनाही आशीर्वादच सांगा. न भांडणारी जाऊ मिळाल्याचं भाग्य ठाण्यात दुसऱ्या कोणाला लाभलेलं नाही. मध्ये दोन समुद्र असले म्हणजे जावाजावांचं छान जमतं.

आता पोत्याबद्दल. ते पोचलं. गोदीत बरेच दिवस अडकून पडलं होतं, कारण आत काय आहे असं कारकुनाने विचारल्यावर आमच्या ह्यांनी आधी चहा सांगितलं, त्याने वास घेऊन हा चहा नव्हे म्हटल्यावर औषध सांगितलं, आणि कोणत्या रोगावरचं असं विचारल्यावर घाबरून खरं बोलून टाकलं की झाडाचा पाला आहे. आपल्याकडची झाडं सोडून माणूस अमेरिकेतून पाला कशाला मागवेल, या प्रश्नाला ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. (अजूनही नाही.) शेवटी व्याह्यांकडून आलेली भेट आहे म्हटल्यावर कारकुनाचा चेहरा निवळला. व्याह्यांकडून काहीही येऊ शकतं, असं म्हणून त्याने पोतं सोडलं. त्यालाही मुली असणार.

हातगाडीवरून पोतं नाक्यावर आलं तेव्हा निम्मी आळी बघायला. आत काळपट हिरवी पानं, वेणीसारखी गुंफलेली, मधोमध सुक्या भोपळ्याची एक वाटी आणि तुमचं पत्र. ह्यांनी ते दुकानात मोठ्याने वाचलं. मामंजी खलात सुंठ कुटत होते, ते कुटत राहिले. तुमचं नाव आलं की घाव जरा जोरात पडायचा, त्यामुळे पत्राचा चौथा हिस्सा कोणालाच ऐकू आला नाही. बाकीचं सगळ्यांना समजलं ते असं: ग्वायुसा नावाच्या झाडाचा हा पाला, तुमच्या सासुरवाडीचा हाच पिढीजात धंदा. उजाडण्याआधी तो मडक्यात उकळायचा, घरच्या लहानथोरांनी विस्तवाभोवती बसून एकाच वाटीतून आळीपाळीने प्यायचा, आणि पिता पिता ज्याने त्याने आपापलं स्वप्न सांगायचं. एकट्याने पीत नाहीत, आणि ज्याच्याबरोबर बसून प्यालो नाही त्याला विकत नाहीत. ही रीत पाळून आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात माल ठेवलात तर दोन घरांचा एक धंदा होईल, असं तुमच्या सासरेबुवांचं म्हणणं. समासात तुम्ही माझ्यासाठी बारीक अक्षरात जे लिहिलं होतं ते ह्यांच्या नजरेतून सुटलं, माझ्या सुटलं नाही. एवढ्यात कोणाला सांगू नका असं तुम्ही बजावलं होतं. मी कोणालाही सांगितलेलं नाही. (सासूबाई म्हणजे कोणी नव्हेत.)

मामंजींचं तुम्हाला ठाऊक आहे, पण सगळं ठाऊक नाही. बोटीवरची नोकरी सोडून तिकडेच राहिलो आणि तिकडचीच मुलगी केली असं तुम्ही कळवलंत, त्या दिवसापासून त्यांनी तुमचं नाव टाकलं. घरात ते कोणी घ्यायचं नाही असं त्यांनी सांगितलं नाही. सासूबाईंनी जेवताना ते घेतलं तेव्हा भरल्या ताटावरून उठून गेले, एकदाच. त्यानंतर सासूबाईंनी ते कधी उच्चारलेलं नाही. तुमच्या वाढदिवसाला मात्र खीर करतात, आणि आज खीर कशाबद्दल असं विचारलं तर दूध उरलं होतं म्हणतात. आपल्या घरात दूध उरत नाही, हे मामंजींनाही ठाऊक आहे. ते खीर खातात आणि दुकानात जातात.

तर आता या पाल्याचं करायचं काय. हिंग असो की हिरडा, स्वतःच्या जिभेवर ठेवल्याशिवाय माल तागडीत घालायचा नाही हा मामंजींचा नियम. जिभेने गुण सांगितला की मग भाव. तुमचा पाला ते जिभेवर ठेवेनात आणि फेकून द्या असंही म्हणेनात. माल आहे, मालाचा काय दोष, एवढंच म्हणाले. म्हणजे आपल्या घरच्या नियमाने पाला विकता येत नव्हता आणि तुमच्या सासुरवाडीच्या नियमाने तो लोकांना बसवून पाजायलाच हवा होता. दोन्ही नियम पाळायचे तर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे फुकट वाटणं. ज्या धंद्यात हिशेब ठेवावा लागत नाही असा धंदा आमचे हे जन्मभर शोधत होते. त्यांनी त्याच दिवशी पाटी रंगवून दुकानाच्या ओट्यावर लावली: 'दक्षिण अमेरिकेच्या महाअरण्यातील पेय. विनामूल्य. येताना स्वप्न आणावे.'

लोक आले. विनामूल्य हा शब्द ठाण्यात फार लांबपर्यंत वाचता येतो. शेजारच्या रखमाबाई आल्या (त्यांची खाडीकडची मिठागरं गेली आणि त्यांच्या दोन चाळी झाल्या हे तुम्ही गेल्यानंतरचं), त्यांची सून शीला आली, कल्याणहून आपल्याला हिरडे पुरवणारा काळुराम पहिल्या गाडीने आला. इतक्या पहाटे माणसं काय उकळून पितात ते पाहायला दारूबंदीचा एक जमादारही आला. त्याने पातेल्यात नाक घालून वास घेतला, दारू नाही याची खात्री झाल्यावर जरा हिरमुसला, आणि मग बसला. आता एकाच वाटीतून सगळ्यांनी प्यायचं म्हणजे उष्ट्याचा प्रश्न आला. तुमच्या सासऱ्यांच्या अरण्यात तो कसा सोडवतात ते तुम्ही लिहिलं नाहीत. आम्ही वाटी उंच धरून वरून ओतून प्यालो. निम्मा पाला सदऱ्यांवर गेला. त्यामुळे काहींना तो फार आवडला, कारण ते तो प्यालेच नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मंडळींनी दूध मागितलं, मग साखर, मग आलं. मी घातलं. तुमच्या सासऱ्यांना कृपा करून हे कळवू नका, वडीलधारा माणूस आहे.

खरी गंमत स्वप्नांची झाली. तिकडचे लोक साधे असावेत, पडलेलं स्वप्न सांगून टाकत असतील. आपल्याकडे पहाटेचं स्वप्न खरं होतं ही गोष्ट पाळण्यातल्या पोरालाही माहीत. मग वाईट स्वप्न कोण कशाला सांगेल, आणि चांगलं स्वप्न सांगायचंच तर ते आपल्या उपयोगाचं का नसावं. काळुरामला पहिल्याच दिवशी स्वप्न पडलं की त्याच्याकडचे ओल लागलेले हिरडे मामंजींनी आनंदाने ठेवून घेतले. (मामंजींनी मान वर केली नाही.) रखमाबाईंच्या स्वप्नात त्यांची सून कोंबडा आरवण्याआधी उठून जात्यावर बसली होती, दळण आटोपून तिने सासूचे पाय चेपले, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. शीला हे सगळं शेजारी बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने पदर सावरत सांगितलं की तिच्या स्वप्नात सासूबाई लेकीकडे कळव्याला राहायला गेल्या, आणि तिथलं पाणी त्यांना इतकं मानवलं की परत यायचं नावच घेईनात. सगळ्यांत खरं स्वप्न जमादाराचं. रात्रपाळी करून आलेला तो बिचारा म्हणाला, माझ्या स्वप्नात मी झोपलो होतो.

आठवडा झाला नाही तोच आख्ख्या नाक्याला उमगलं की जे तोंडावर बोलायची सोय नाही ते स्वप्न म्हणून बोलता येतं. वर्षानुवर्षं पोटात ठेवलेले टोमणे लोक पहाटे उठून, तोंड धुऊन, आपल्या ओट्यावर आणून ओतू लागले. व्हायचं तेच झालं. रखमाबाई आणि शीला यांचं भर ओट्यावर जुंपलं. शीलाने सरळ विचारलं, तुम्हाला माझा एवढा राग आहे का. रखमाबाईंनी कपाळाला हात लावला. "आता सपनच परला तसा गो, त्याला मी काय करू?" भांडण मिटेना तेव्हा सगळे निवाड्यासाठी मामंजींकडे वळले, कारण ओट्यावर तेच एकटे असे होते ज्यांनी पाला घेतलेला नव्हता आणि ज्यांचं डोकं ठिकाणावर होतं. मामंजींनी खल बाजूला ठेवला आणि सांगितलं की माणूस स्वप्नाचा मालक नसतो, तेव्हा या ओट्यावर कोणी स्वप्नात काहीही बोललं तरी ऐकणाऱ्याने राग धरायचा नाही आणि उठून जायचं नाही. सगळ्यांना पटलं. दाराआड बसून तांदूळ पाखडणाऱ्या सासूबाईंचं सूप तेवढं थांबलं होतं. ते मी पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

मध्यंतरी आपल्या आवडाआत्या डोंबिवलीहून आल्या आणि पाल्याची एक वेणी घेऊन गेल्या, तिकडे शाखा काढायची म्हणून. शाखा निघाली आणि चालली नाही. डोंबिवलीत हल्ली शिकलेल्या लोकांची वस्ती फार वाढते आहे, आणि चार शिकलेले एकत्र बसले की आधी अध्यक्ष निवडतात. अध्यक्ष निवडला, चिटणीस नेमला, स्वप्न सांगण्याआधी सूचना मांडायची आणि तिला अनुमोदन मिळवायचं असं ठरलं. एका गृहस्थांच्या स्वप्नाला कोणी अनुमोदनच देईना, त्यांनी राजीनामा दिला. शेवटी एका पहाटे सभा सुरू व्हायला इतका वेळ लागला की पाला आटून पातेलं जळालं, आणि आत्याबाईंनी ते अध्यक्षांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. तिकडचा आपला धंदा तेवढ्यावर संपला. आत्याबाईंनी पातेल्याबद्दल मामंजींना सुनावलं, पण त्या धाकट्या भावाला कशाबद्दलही सुनावतात.

आणखी एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. पाला पहाटे एकदा प्यायचा हे तुमचं म्हणणं लोकांना कंजूषपणाचं वाटलं. फुकट आणि गोड असल्यावर माणसं दुपारचं जेवण झाल्यावरही घेऊ लागली, रात्रीचं झाल्यावरही. या पाल्याने झोप उडते हे तुम्ही लिहिलं असेल तर ते सुंठीच्या घावाखाली गेलं. नाक्यावरचं एकही माणूस झोपेना. माणसं कुशी बदलत, घड्याळाचे ठोके मोजत पडून राहायची आणि उजाडायला आलं की लगबगीने येऊन लांबलचक स्वप्नं सांगायची. झोप नसताना एवढी स्वप्नं पडणारं गाव तुमच्या अरण्यातही नसेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. निवाडा झाला त्याच्या दुसऱ्या पहाटे सासूबाई दाराआडून उठल्या, ओट्यावर आल्या, माझ्याकडून वाटी घेतली, दोन घोट वरून घेतले आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आज माझ्या स्वप्नात गोपीनाथ आला होता."

भावजी, माझ्या हातून गाळणं पडलं. इतक्या वर्षांनी ते नाव घरात उच्चारलं गेलं, आणि तेही मामंजींच्या समोर. मामंजींचा बत्ता वर गेला तो वरच राहिला. त्यांचं तोंड लाल झालं, मान ताठ झाली, पण करणार काय; स्वप्नाचा राग धरायचा नाही आणि उठून जायचं नाही हा निवाडा त्यांचाच, त्याची शाई वाळायची होती. बत्ता खाली आला. सासूबाई शांतपणे पुढे सांगत होत्या की तुम्ही बोटीतून उतरलात, वाळलेले दिसलात, पायात चांगल्या वहाणा होत्या. इतकंच. वाटी त्यांनी रखमाबाईंकडे दिली.

दुसऱ्या दिवशी स्वप्न पुढे सरकलं. तुम्ही दोघं ठाणे स्टेशनावर उतरून टांग्यात बसलात. जाऊबाईंचं नाव सासूबाईंना सांगता येईना तेव्हा त्यांनी परस्पर स्वप्नातच ते बदलून 'रतन' ठेवलं. सासरचं नाव ठेवायचा मान सासरच्यांचा, तेव्हा जाऊबाईंनी रागावू नये. तिसऱ्या दिवशी टांगा बाजारातून निघाला आणि वाटेत घोडा अडला. तो घोडा असा अडायचा की आम्हाला दुसरी पहाट होईपर्यंत चैन पडू नये. लोकांनी स्वतःची स्वप्नं आणायचं सोडून दिलं. ओट्यावर येऊन बसायचे आणि सासूबाईंकडे बघायचे. कल्याणचा काळुराम हिरड्याचं नाव काढीना, गाडीतून उतरून धापा टाकत यायचा आणि विचारायचा, टांगा कुठवर आला. मामंजी कोपऱ्यात कुटत असायचे. त्या दिवसांत आपल्याकडच्या सुंठीचं इतकं बारीक पीठ झालं की गिऱ्हाईक फुंकर मारायला भ्यायचं.

टांगा एकदाचा दारात आला. मी ओवाळायला तबक घेऊन उभी होते म्हणे. (स्वप्नातसुद्धा काम मलाच.) उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं होतं. रतनने ते ओलांडायला पाय उचलला, आणि थांबली. का, तर आत ये असं म्हणायला घरचा कर्ता घरात नव्हता. "हे कुठे बाहेर गेले होते," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वाटी खाली ठेवली.

मग रतन उंबऱ्यावर उभी राहिली ती राहिलीच. दुसऱ्या पहाटे विचारलं, अजून उभी. तिसऱ्या पहाटे विचारलं, अजून उभी. तुम्ही तिच्या मागे ट्रंक घेऊन उभे. लोक हळहळू लागले. रखमाबाईंनी विचारलं, पोरीला पाणी तरी दिलं का. जमादार म्हणाला, उभं राहण्याची नोकरी फार वाईट, पाट तरी द्या. शीलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाहून रखमाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, जो त्यांनी लग्नानंतर कधी ठेवला नव्हता. सगळेजण मामंजींकडे बघायचे आणि त्यांनी वर पाहिलं की माना खाली घालायचे. मामंजी स्वप्नात कुठे बाहेर गेले आहेत, कधी परत येणार, हे त्यांनाच विचारायची हिंमत कोणात होती.

परवाच्या पहाटे थंडी फार होती. सासूबाईंनी वाटी घेतली पण तोंडाला लावली नाही. म्हणाल्या, रतन अजून उंबऱ्यावरच आहे, आणि आज मला जवळून दिसलं की ती दोन जिवांची आहे.

खलाचा आवाज थांबला. मामंजी उठले. मला वाटलं निवाडा मोडून निघाले आत. पण ते शेगडीपाशी आले, सासूबाईंच्या हातातली वाटी त्यांनी काढून घेतली, आणि उंच न धरता सरळ ओठाला लावून प्याले. घोट जिभेवर घोळवला, मालाची पारख करताना घोळवतात तसा. मग सासूबाईंकडे न बघता, समोरच्या भिंतीला उद्देशून म्हणाले:

"मलाही स्वप्न पडलं. मी बाहेर गेलेलो नव्हतो, आतच होतो. दोन जिवांच्या बाईला उंबऱ्यावर उभं ठेवत नाहीत, एवढं कोणाला कळू नये? मी म्हटलं, गोपीनाथ, तिला घेऊन आत ये."

भावजी, मामंजींना स्वप्न पडत नाहीत. ते झोपले की घोरतात आणि घोरणं थांबलं की उठतात, आणि त्या रात्री माजघरापर्यंत घोरण्याचा आवाज आलेला नव्हता. पण स्वप्नावर शंका घेण्याची ओट्यावर पद्धत नाही. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि धूर फार होतोय म्हणाल्या. मामंजी म्हणाले, "तुरट आहे. शेवटी गोड. विकायला हरकत नाही," आणि कोपऱ्यात जाऊन पुन्हा सुंठ कुटू लागले, जिच्यात आता कुटण्यासारखं काही राहिलेलं नव्हतं.

धंद्याचं म्हणाल तर त्यात कळवण्यासारखी प्रगती नाही. तुमच्या सासऱ्यांना सांगा, माल सर्वांना पसंत पडला, रीत तंतोतंत पाळली, आणि ठाण्याची माणसं फार स्वप्नाळू आहेत. तिघांनाही जपा. (तिसऱ्याला विशेष.)

तुमची वहिनी,
गोदा

ता. क. – एक कबुली तुमच्यापुरती ठेवा. तुमचा पाला केव्हाच संपला होता. पोत्याच्या तळाशी नुसते देठ राहिले होते, आणि सासूबाईंचा टांगा तेव्हा बाजाराच्याही अलीकडे होता. अशा वेळी पातेलं बंद कसं करणार. मी मागच्या अंगणातल्या जांभळीची कोवळी पानं आणि दुकानातली ज्येष्ठमधाची काडी उकळायला सुरुवात केली. कोणाला फरक कळला नाही. जमादार म्हणाला, हल्ली जास्तच जाग येते. मामंजींनी पारखलं ते हेच. 'शेवटी गोड' ऐकून मला इतकं हसू आलं की मी तोंड फिरवलं. काल सकाळी मी केर काढत असताना ते जवळून गेले आणि न थांबता म्हणाले, "सूनबाई, ज्येष्ठमध जरा कमी घालत जा. महाग झालाय."

ता. क. दुसरा – तुमचं पोतं परत पाठवते आहे. मी घडी घालून ठेवलं होतं. मामंजी म्हणाले, व्याह्यांचं पोतं रिकामं पाठवत नाहीत. व्याही, असं म्हणाले. दार लोटून स्वतः बसून त्यांनी ते भरलं, मला हात लावू दिला नाही. वरवर मेतकूट आणि सुंठपूड दिसेल, ती व्याह्यांसाठी. (सुंठ तुम्हाला पुढची काही वर्षं पुरेल. मेतकूट उकळून पहाटे पिऊ नये, भाताबरोबर खावं, एवढं त्यांना समजावून सांगा.) खाली डिंक, अळीव, बाळंतशेपा आणि बाळंतकाढ्याच्या पुड्या आहेत, प्रत्येक पुडीवर किती आणि कधी ते त्यांच्या हाताने लिहिलेलं आहे. समासातली गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी होतंय ते रीतीला धरूनच आहे, त्याबद्दल इथे कोणाची काही तक्रार नाही.

ता. क. तिसरा – पाला आता पाठवू नका. पत्र बंद करायच्या आधी आज दुपारी सासूबाईंबरोबर तांदूळ निवडत बसले होते. माप भरून त्यांनी खरोखरच उंबऱ्याशी आणून ठेवलं आहे, येता-जाता मला ठेच लागते. मी सहज विचारलं, सासूबाई, रतन दिसायला कशी आहे हो, तुम्ही तर तिला जवळून पाहिलंत. त्या खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला काय माहीत गं. स्वप्न पडायला झोप लागावी लागते. तो बोटीवर चढला तेव्हापासून कुठली झोप."

भावजी, या. तिघं मिळून या. हे मी स्वप्न म्हणून सांगत नाही.